ग्लेनिसचा झाडू

"थांब, आत्ता हात वर करील ती," मर्ना माझ्या कानाशी पुटपुटली.

ग्लेनिसनं हात वर केला नाही.

महिलांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यातला समोरच्या संघाचा तो शेवटचा दगड. तो वर्तुळात शिरत असताना त्याच्यापुढचा बर्फ घासणाऱ्या ग्लेनिसचा झाडू त्याला चाटून गेला. मर्ना आमची कप्तान, मी तिच्या हाताखालची. आम्ही दोघी वर्तुळामागेच उभ्या होतो, धडधडीत पाहिलं. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या या आमच्या खेळात, ज्याचा झाडू चालत्या दगडाला लागला त्यानंच सांगायचं. पंच विचारत नाही, समोरच्यानं बोट दाखवायचं नाही. तिनं सांगितलं असतं तर दगड बाद आणि ढाल आमची. दगड मधोमध जाऊन बसला.

"मी ओरडते," मी म्हटलं.

"गप बैस, नेटी."

"अगं, चोरी आहे ही!"

"तिला तोंड आहे ना? तिलाच बोलू दे."

आणि हातमोजा काढून मर्नानं हात पुढे केला. ग्लेनिसनं तो बर्फाकडे बघत हातात घेतला. शेजारच्या पट्टीवर पुरुषांचा सामना चालू होता, तिकडे कोणीतरी जिंकत होतं. मेली ती ढाल, असं मला तेव्हा वाटलं, पण खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं.

मर्नानं सगळा जन्म कॅनडात, सासकाचेवान प्रांतातल्या आमच्या गावच्या इस्पितळात चादरी धुतल्या. संध्याकाळ झाली की बर्फावर. प्रांताची स्पर्धा जिंकायला तिला अठ्ठावन्न वर्षांचं व्हावं लागलं. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन, मग खेळ बंद, डॉक्टरनं स्वच्छ सांगितलेलं. आणि ही ग्लेनिस आमच्याच गावची. दगड टाकायला तिला मर्नानंच शिकवलं. मग बाई शेजारच्या अल्बर्टा प्रांतात गेली आणि तिथल्या संघात मिरवू लागली.

सामन्यानंतर दोन्ही संघांनी एका टेबलावर बसायचं आणि पहिला पेला जिंकणाऱ्यांनी पाजायचा, ही रीत. ग्लेनिसनं मर्नासमोर रम ठेवली.

"छान खेळलात हं तुम्ही," ती म्हणाली.

"तू पण काही कमी खेळली नाहीस," मी म्हटलं. मर्नानं टेबलाखालून मला लाथ घातली.

बाकीच्या सगळ्या फोटो काढायला उठल्यावर ग्लेनिस खुर्ची ओढून जवळ आली. "मर्ना, झाडू लागला होता गं."

"माहीत आहे."

"तोंडापर्यंत आलं होतं. पण पोरी नाचायला लागल्या..."

"मला आता कशाला सांगतेस? तिथं सांगायचं होतंस."

"माफ नाही करणार?"

"नाही."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मर्ना आपली रम संपवून उठली, लंगडत काउंटरवर गेली आणि एक भरलेला पेला आणून ग्लेनिसपुढे आपटला.

"हा कशाला?"

"परतीचा. हरणाऱ्यांनी दुसरा पाजायचा असतो. विसरलीस?"

"मला नको गं, खरंच."

"पी. तुझा संपल्याशिवाय मला टेबल सोडता येत नाही."

तिकडून हाका येत होत्या, "ग्लेनिस, अगं ढाल घेऊन उभ्या आहोत, ये ना!" ग्लेनिस खाली मान घालून घोट घोट पीत होती. मर्नानं कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तिच्या समोर बसून राहिली.