हिवाळ्यात आखलेलं उन्हाळी घर

टेकडीवरचं आमचं उन्हाळी घर मामंजींनी आखलं ते ऐन थंडीत. पश्चिमेचं कोवळं ऊन अंगावर घेत ते म्हणाले, "व्हरांडा इथेच." त्याचे खांब त्यांनी स्वतः तासले, स्वतः रंधले. मग उन्हाळा आला. दुपारी तिथली फरशी तव्यासारखी तापली आणि सगळं घर मागच्या दारी, भिंतीच्या सावलीत जाऊन बसलं. ते तिथलंच झालं.

पण भिंतीची सावली ती केवढी! नातवंडं यायला कुरकुर करू लागली, तेव्हा यंदा सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "पुढचा व्हरांडा उतरवा. त्याच लाकडात मागे होईल."

धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, ताडकन उठले. "बाबांच्या हातचं काम आहे. एक खांब हलणार नाही."

"पण तिथे बसतं कोण?" त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, म्हणाली.

"मी बसतो."

आणि भर दुपारी पेपर घेऊन बसले की! थोड्या वेळाने पेपर डोक्यावर गेला.

"वारा कसा आहे?" धाकटीने खिडकीतून विचारलं.

"झकास."

"तरीच सदरा भिजलाय."

मी पाणी घेऊन गेले. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, हे पाडलं तर बाबांचं इथे उरलं काय?"

"खांब उरतील की. आणि मामंजी तरी इथे कधी बसले? जन्मभर मागेच बसले ना?"

भाऊजींनी घटाघटा पाणी प्यायलं आणि सुताराला हाक मारली.

मागचं छप्पर उतरतं, त्यामुळे खांब उंच पडू लागले. सुतार म्हणाला, "बुडातून हातभर कापू."

"कापायचं नाही. जमीन खाली ने."

"मालक, खांबांसाठी कुणी जमीन खणतं का?"

"थंडीत उन्हाळी घर आखणाऱ्याचा मुलगा आहे मी. खण."

स्वयंपाकघराच्या दारातून आता पायऱ्या उतरून व्हरांड्यात जावं लागतं. माझे गुडघे कुरकुरतात, पण खाली गारवा असा की परत वर यावंसं वाटत नाही. काल दुपारी भाऊजी तिथे खांबाला टेकून घोरत होते. नातवंडं दंगा करत आली, तर धाकटीने त्यांना हातानेच दटावलं, आणि मग स्वतःही शेजारच्या खांबाला पाठ लावून बसली.