अर्धा अंश वजा

मित्रांनो, कुंभकोणमच्या एका भाड्याच्या खोलीत, शेगडीपासून सर्वांत लांबच्या भिंतीवर लटकलेली एक लाकडी पट्टी तुम्हाला दिसली, तर तिच्यावरची काचेची नळी म्हणजे मी. मी एक जुना तापमापक आहे. माझ्या पोटात लाल स्पिरिट आहे. गरम झाले की ते वर चढते, गार झाले की उतरते. मला तेवढेच येते. आयुष्यभर मी तेवढेच केले, आणि तरीही एका मार्गळी महिन्यात खोटा ठरलो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून गवताने भरलेल्या खोक्यातून मी दक्षिणेला, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे वसंता प्रात्यक्षिके घ्यायची. पहिल्याच दिवशी तिने मला बर्फाच्या चुऱ्यात उभे केले. वितळणाऱ्या बर्फात माझी रेघ शून्यावर थांबायला हवी होती. ती अर्ध्या अंशावर थांबली. आता मला परत पाठवणार, असे मला वाटले. पण वसंताने कागदाचा लहानसा तुकडा कापला, त्यावर वजाचे चिन्ह काढून पुढे अर्धा लिहिला आणि तो माझ्या पट्टीवर चिकटवला.

"चूक माहीत असली की काम अडत नाही," ती मुलींना म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्याचा याहून मोठा सन्मान कोणी करू शकत नाही.

पुढे आकडे आपोआप दाखवणारी यंत्रे आली. जुने तापमापक मोडीत निघाले. वसंताने मला मागून घेतले आणि निवृत्तीच्या दिवशी रुमालात गुंडाळून घरी आणले. घरात तिघे जण होते. वसंता, तिचा मुलगा जयकुमार आणि तिची धाकटी जाऊ भवानी. जयकुमार नुकताच दातांचा डॉक्टर झाला होता. भवानी इडलीचे पीठ करून विकायची. या पिठाला इथे मावु म्हणतात. संध्याकाळी वाटून ठेवलेला मावु रात्रभरात फुगला, की पहाटे गिऱ्हाइके डबे घेऊन दारात उभी राहत. यजमान गेल्यापासून भवानी त्यावरच स्वतःच्या पायांवर उभी होती.

मार्गळी म्हणजे इथली थंडी. पहाटे बाहेर वीस अंश असतात. तुमच्यापैकी काही जण हसतील. पण मावु फुगवणाऱ्या सूक्ष्म जीवांना वीस अंशांत काम सुचत नाही. त्यांना रात्रभर ऊब लागते, आणि ती त्या स्वयंपाकघरात होती. पश्चिमेची भिंत हातभर जाड, विटा आणि चुन्याची. दुपारभर ती ऊन पीत असे आणि रात्रभर ते थोडे थोडे परत देत असे. वसंताने मला खोलीच्या मधोमध, तुळईला टांगले होते. पहाटे अंगणात कोलम, म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढून भवानी पिठाळ हातांनीच आत यायची.

"किती गं, अक्का?"

"साडेसव्वीस. वजा अर्धा. सव्वीस."

"मग आज झाकण वर आलं असणार बघ!"

झाकण खरेच वर आलेले असे. तीन हिवाळे वसंताने रोजचा आकडा वहीत लिहिला. घराने किती ऊब राखली ते मी सांगत होतो आणि सगळे माझे ऐकत होते. मी सुखात होतो.

मग जयकुमारने दवाखान्याचा विषय काढला. खालचे स्वयंपाकघर रस्त्याला लागून होते, तिथे पाणी होते, मोरी होती. "ती जागा मिळाली तर इथेच बसतो. नाहीतर कोइम्बतूरला एकजण बोलावतोय," तो आईला म्हणाला. गच्चीवर एक नवी खोली बांधून झालीच होती. भिंती एका विटेच्या, वर सिमेंटचा पत्रा.

"काकी, तुम्ही वर जा. छान वारा येतो."

"मावुला वारा नको रे, गोधडी हवी," भवानी म्हणाली. "तुझ्या पेशंटांचे दात कसे थंडीनं शिवशिवतात? त्याचंही तसंच."

"पत्र्याखाली दुपारी भाजून निघतं माणूस. ऊबच ऊब!"

"दुपारचं कोण विचारतंय? पहाटेचं सांग." मग ती वसंताकडे वळली. "अक्का, तुझा तापमापक वर टांग. पहाटे पंचवीस निघाले तर मी गुपचूप वर जाते. नाही निघाले तर मी इथून हलणार नाही."

सगळ्यांनी मान्य केले. मला फार अभिमान वाटला.

मार्गळीत पहाटे सगळ्यांची आंघोळ होते, मगच देवळात जातात. त्यासाठी परसातला तांब्याचा बंब साडेचारलाच पेटतो. त्याच्या धुराचे नळकांडे नव्या खोलीच्या एका कोपऱ्यातून वर नेले होते आणि दिसू नये म्हणून त्यावर गिलावा केला होता. ते काम वसंताने स्वतः उभे राहून करून घेतले होते. भवानीला ते ठाऊक नव्हते.

त्या पहाटे वसंता मला घेऊन वर आली. खोलीच्या मधोमध ती थोडा वेळ उभी राहिली. माझी रेघ बावीसच्या खाली उतरत होती. पत्र्याने दुपारची सगळी उष्णता केव्हाच मोकळ्या आकाशाला देऊन टाकली होती. मग ती कोपऱ्याकडे गेली. तिथे खिळा आधीच ठोकलेला होता.

मित्रांनो, माझ्या समोरून गार हवा लागत होती आणि पाठीमागून भिंत तापत होती. मी काय करणार? तापमापक जिथे टांगला असेल तिथलेच सांगतो. माझी रेघ चढली.

भवानी आली. "किती?"

"साडेसव्वीस," वसंता म्हणाली. "वजा अर्धा. सव्वीस."

तो अर्धा अंश तिने वजा केला! भवानीने माझ्याकडे पाहिलेही नाही. "तू वाचलंस, मग मी काय बघायचं?" असे म्हणून ती हसली. वसंताने मला लगेच खिळ्यावरून काढून खाली नेले.

आठवड्याभरात खालची भिंत फोडून दवाखान्याचे मोठे दार केले. भवानी वर गेली. बंब विझला की कोपरा अर्ध्या तासात गार व्हायचा आणि मावु पातेल्याच्या तळाशी निपचित पडून राहायचा. भवानीने तांदूळ बदलले, उडीद वाढवले, पातेल्याला पोते गुंडाळले. शेजारच्या साक्कोट्टै गावाहून येणारे जुने गिऱ्हाईक रंगामामा एकदा डबा परत घेऊन आले. "भवानी, याच्या चार इडल्या करून दे बरं. आमच्या देवळाची एक पायरी निखळलीय, तिथं बसवतो." सगळे हसले. भवानीही हसली. पण दुसऱ्या आठवड्यापासून दारात डबे दिसेनासे झाले.

"तो तापमापकच चुकला असेल," एकदा जेवताना जयकुमार म्हणाला.

मी वसंताकडे पाहिले. माझी चूक किती हे तिच्याइतके कोणाला माहीत होते?

"हो," ती पानाकडे बघत म्हणाली. "जुना झालाय तो. चुकतो."

त्याच दिवशी मी खणात गेलो. तिथे विझलेला टॉर्च होता, गंजलेल्या किल्ल्या होत्या. अंधारात माझी रेघ बावीसवर आली तर ते वाचायला कोणी नव्हते.

एका पहाटे आंघोळीच्या वेळी भवानी दमून त्या कोपऱ्याला पाठ टेकून बसली आणि दचकून उठली. भिंत गरम होती. तिने हात लावून ती ऊब वरपासून खालपर्यंत चाचपली. हाताला माझा रिकामा खिळा लागला. मग खाली येऊन खण उघडला. फ्रिजमधला बर्फ फडक्यात कुटला, तांब्यात भरला, मला त्यात उभे केले आणि वसंताला हाक मारली.

"वाच, अक्का."

वसंताने वाकून पाहिले. "अर्धा."

"आणि चिठ्ठी काय सांगते?"

"वजा अर्धा. शून्य."

"मग हा चुकत नाही."

"जयकुमार गेला असता गं..."

"मागितली असतीस तर दिली असती जागा," भवानी म्हणाली. "मी तुझ्या आकड्यावर कधी नजरसुद्धा टाकली नाही, अक्का."

महिनाअखेर भवानीने दोन गल्ल्या पलीकडे जाड भिंतींची एक खोली घेतली. पातेली नेली, वाटण्याचे यंत्र नेले आणि मला नेले. निघताना वसंता दारात उभी होती. तिने मला परत मागितले नाही.

आता पहाटे इथे पंचवीस असतात. रंगामामा पुन्हा डबा आणतात. आणि मी सुखात आहे का? माहीत नाही. बर्फातून मला पहिल्यांदा उचलणारा हात मी विसरू शकलेलो नाही.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवले नाही तरी चालेल. पण ज्या जागेचे खरे तुम्हाला हवे आहे, तिथेच मला टांगा. जो आकडा येईल तो आवडला नाही तरी लिहा. आणि वाचणारा कितीही जवळचा असला, तरी एकदा स्वतः वाकून बघा.

भवानी आता रोज स्वतः वाकून बघते. माझ्या पट्टीवरची चिठ्ठी पिवळी पडली आहे, एक कोपरा सुटला आहे. परवा तिने तो भाताच्या शिताने पुन्हा चिकटवला. ती रोज न चुकता अर्धा अंश वजा करते. वसंताच्या हातचे तेवढेच तिने खरे मानले आहे.