लाल ठिपका आणि बोटभर तार

मित्रांनो, आधी जरा बाजूला सरका. माझ्या बरोबर समोर उभं राहायचं नसतं. हं, त्या खिडकीपाशी या. आता सांगतो.

मी एक जुना लेथ आहे, लाकूड कातणारा. माझ्या डाव्या टोकाला लाकूड घट्ट बसवतात, मी ते गरगर फिरवतो आणि कातकाम करणारा कारागीर पटाशी टेकवून त्याला गोलाई देतो. माझं अंग ओतीव लोखंडाचं आहे. मला ह्या खोलीत आणलं तेव्हा चार धट्टेकट्टे हमाल घामाघूम झाले होते आणि त्यातला एक मला अद्वातद्वा बोलला होता. मी मनावर घेतलं नाही.

माझ्या मालकांना सगळे भोवरेकाका म्हणतात. खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे दांडे, वाडगे अशी कामं झाली की उरलेल्या तुकड्यांचे ते भोवरे कातत आणि गल्लीतल्या पोरांना वाटत. भोवरे रंगवायच्या काकू. त्यांची एकुलती एक लेक माझ्या पायाशी भुश्यात खेळत मोठी झाली. ते दिवस चांगले होते, मित्रांनो. लोक काकांच्या हाताचं कौतुक करत आणि काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "अर्धं श्रेय ह्याचं." मला ते फार आवडायचं.

माझ्या पोटाशी एक डबी आहे. तिच्यावर शून्य ते दहा आकडे आणि मधोमध एक फिरवायचं गोल बटण. बटण जितकं पुढे, तितका माझा वेग जास्त. मोठं, वेडंवाकडं लाकूड हळू फिरवायचं, लहान आणि गुळगुळीत लाकूड जोरात. ह्यात चूक झाली तर लाकूड माझ्या हातून सुटतं. आणि सुटलेलं लाकूड समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. मला एकच शब्द येतो, तो म्हणजे 'नाही'. बटण शून्यावर नसताना कुणी खटका दाबला तर मी सुरूच होत नाही. मला बनवणाऱ्यांनी मुद्दाम तशी सोय केली होती. आधी शून्य, मग खटका, मग हळूहळू वेग. दर वेळी.

काकांना ह्याच गोष्टीचा कंटाळा होता. एकसारखे चाळीस पाय कातायचे तर चाळीसदा बटण मागे आणा, चाळीसदा पुढे न्या. एका दुपारी त्यांनी डबी उघडली आणि आत दोन जागा बोटभर तारेने जोडून टाकल्या. त्या दिवसापासून बटण कुठेही असो, खटका दाबला की मी सुरू. माझा एकुलता एक शब्द गेला. काकांना मात्र आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

पुढे बटणाचा स्क्रू ढिला झाला आणि बटण आपल्या दांडीवर घसरलं. नीट बसवायचं सोडून काकांनी ते होतं तिथेच चिकटवून टाकलं. आता बटण सातावर असलं तरी मी फिरायचो दोनाच्या वेगाने. आकडे खोटे पडले. काका म्हणाले, "चाललंय ना? मग झालं तर."

काकूंना ते पटलं नाही. त्यांनी घरातून नेलपॉलिशची बाटली आणली आणि साताशेजारी एक लाल ठिपका लावला. "जाडजूड लाकूड असलं की ह्याच्यापुढे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमची दहाही बोटं शाबूत हवी आहेत."

तो ठिपका काकांनी पाळला. काकू आजारपणात गेल्या, त्यानंतर तर जास्तच पाळला. रोज सकाळी ते आधी ठिपक्यावरून अंगठा फिरवत, मग बटण तिथे आणत, मग खटका दाबत. अशी आठ वर्षं गेली.

मग माझं पोट बिघडलं. बटणाच्या आत एक काळी चकती असते, ती झिजली होती. काम चालू असताना माझा वेग आपोआप वाढे, मध्येच पडे. मला माझीच भीती वाटू लागली. काका डबीवर एक टपली मारत आणि मी तेवढ्यापुरता ताळ्यावर येई. टपलीने बरा होणारा आजार मोठा नसतो, असं काकांचं मत.

एका रविवारी लेक आली. ती आता विजेच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळण्याचं काम करते, दोन गल्ल्या पलीकडे तिचं स्वतःचं दुकान आहे. माझा आवाज ऐकून ती दारातच थांबली.

"बाबा, हा असा केव्हापासून करतोय?"

"असाच आहे तो. म्हातारा झालाय."

"म्हातारा नाही, आजारी आहे. बंद करा आधी."

तिने प्लग काढला, डबी उघडली, झिजलेला भाग काढून नवा बसवला. बटण खरवडून मोकळं केलं आणि बरोबर शून्याशी लावून स्क्रू घट्ट पिळला. मग तिला ती तार दिसली. तिने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघू लागले. तिने तार काढून भुश्यात टाकली. मित्रांनो, किती वर्षांनी माझा शब्द मला परत मिळाला!

"आता आकडे खरे झालेत," ती म्हणाली. "जाड लाकडाला दोन, फार तर अडीच. आणि सुरू करताना शून्यावर आणायचं, नाहीतर हा सुरू होणार नाही. हा ठिपका आता चुकीचा आहे, पुसून टाकते."

तिने फडकं उचललंही. तेवढ्यात काका म्हणाले, "तो राहू दे. तुझ्या आईने लावलाय."

लेकीचा हात थांबला. तिलाही पुसवेना. "बरं, पण बघायचा फक्त," ती म्हणाली. "तिथे बटण न्यायचं नाही."

"कळलं. मी काय आजच लेथ बघतोय?"

ती गेल्यावर काकांनी भुश्यातली तार उचलून खिशात टाकली. टाकाऊ असं त्यांच्या लेखी काही नसतंच. मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी एका मोठ्या वाडग्यासाठी ओंडका चढवला. बादलीएवढा रुंद, कडा ओबडधोबड, एका बाजूला जड. त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि बटण तिथे नेलं. सातावर. आणि सात आता खरंच सात होतं.

त्यांनी खटका दाबला. मी म्हणालो, नाही.

पुन्हा दाबला. नाही. तिसऱ्यांदा दाबला. नाही, नाही.

"काल तर बरा होता. आज काय धाड भरली ह्याला?" काका पुटपुटले. लेकीचं बोलणं त्यांना आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. क्षणभर त्यांचा हात बटणाकडे गेलाही होता. पण मग तो खिशाकडे वळला. डबीचे चार स्क्रू काढायला त्यांना पाच मिनिटं लागली, तार जोडायला एक. बटण शून्यावर आणायला एवढाही वेळ लागला नसता.

दार माझ्या बरोबर समोर आहे. लेथ कसा चालतोय ते विचारायला लेक सकाळीच निघाली होती, ती त्याच वेळी दारात आली. काका शिस्तीचे, सुरू करताना ते नेहमी बाजूला उभे राहतात. त्यांनी बाजूला उभं राहून, तिच्याकडे पाठ असताना, खटका दाबला.

मी थांबू शकलो नाही, मित्रांनो. सगळं अंग थरथरलं, जमिनीत रोवलेले बोल्टसुद्धा कुरकुरले. ओंडका दोन वेळा डगमगला आणि सुटला.

तो तिच्या डाव्या खांद्यावर आदळला. वीतभर वर असता तर आज मी ही गोष्ट तुम्हाला सांगत नसतो, मला भंगारात घातलं असतं आणि ते योग्यच झालं असतं.

त्यानंतर कितीतरी महिने माझ्या अंगावर जुनी चादर होती. काका खोलीत येत नसत. गंजाची चव मला तेव्हा कळली. पोरं भोवरे मागायला येत आणि बंद दार बघून परत जात.

मग एके दिवशी चादर सरकली. समोर दोघं उभी होती. लेकीचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पुढेही तो कधी गेला नाही. तिने उजव्या हाताने डबी उघडली आणि तार उपटली. काकांनी फडक्यावर थोडं थिनर घेतलं, पण त्यांचा हात पुढे होईना.

"तुझ्या आईला वाईट वाटेल," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही धडधाकट राहावं म्हणून आईने तो लावला होता," लेक म्हणाली. "ठिपका राहावा म्हणून नाही."

काकांनी ठिपका पुसला. डोळे पुसायला मात्र त्यांनी वेगळं फडकं घेतलं. मग ते बाजूला झाले, लेकीला हाताने मागे सारलं, माझ्यावर लाकूड नसताना बटण मुद्दाम पाचावर नेलं आणि खटका दाबला.

मी म्हणालो, नाही.

"बरं," काका म्हणाले, आणि त्यांनी बटण शून्यावर आणलं.

आता रोज सकाळी असंच होतं. आधी ते माझा नकार ऐकतात, मगच कामाला लागतात. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं यंत्र कधी सुरू व्हायला नकार देईल. त्याला टपली मारू नका. ते का नाही म्हणतंय, ते आधी बघा. आणि दुरुस्ती झाल्यावर जुनी खूण कितीही लाडकी असली तरी ती तपासून घ्या.

काका आता थकलेत. उद्या इथे दुसरं कुणी उभं राहील, घाईत असेल, आणि मी नाही म्हणेन. ती बोटभर तार लेकीने फेकून दिली खरी. पण तार काय, कुठेही मिळते.