वाऱ्याची भिंत

नवा रायपूरच्या एका दवाखान्यासाठी नीलिमा मेश्रामने हेलिपॅड आखलं होतं. आजूबाजूला उघडं माळरान, म्हणून नकाशात पश्चिमेला तिने जाळीची भिंत दाखवली. जाळीतून जाताना वाऱ्याचा जोर मोडतो. तिच्या ऑफिसातल्या साहेबांना ती जाळी ओकीबोकी वाटली. त्यांनी पक्की भिंत बांधून तिच्यावर चित्रं काढून घेतली. "सर, बंद भिंतीवरून वारा उसळतो आणि पॅडवर भोवरा होतो," असं नीलिमाने तीनदा लिहून दिलं.

मे महिन्यात बस्तरहून एका बाळंतिणीला घेऊन हेलिकॉप्टर आलं. पॅडजवळ येताच ते हेलकावलं, वर गेलं, पुन्हा उतरू पाहिलं आणि शेवटी विमानतळाकडे वळलं. तिथून गाडीने आणेस्तोवर ती बाई गेली.

गुढियारीतल्या घरी नीलिमा जेवली नाही. रेल्वेतून रिटायर झालेले तिचे वडील म्हणाले, "तू तं सांगतलं होतं ना, बेटा?"

"सांगून काय झालं, बाबा? साहेब तं पायलटच कच्चा होता म्हणून राहिले."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आणखी दोन दवाखान्यांचे नकाशे तिच्यापुढे ठेवले. भिंत तशीच, बंद.

बाबांची पेन्शन औषधांतच जायची, घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं. तिने दोन्ही नकाशांवर सही केली.