झाकणाआतली हळद

दसरा होऊन सोळा दिवस झाले होते, आणि तेवढ्या अवधीत चंद्रप्रकाशांच्या गाडीची बॅटरी तीनदा उतरली होती. तिन्ही वेळा वसाहतीच्या वॉचमनने सकाळी एकच वार्ता दिली. काका, गाडीचे पुढचे दिवे रात्रभर जळत होते.

बहात्तराव्या वर्षी मनुष्याला आपल्याच हातांविषयी साक्ष द्यावी लागावी, हे दुःख लहान नव्हे. गाडी उभी केल्यावर आपण दिव्यांची कळ फिरवली, खाली उतरलो आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड नाहीसा झालेला पाहिला, हे चंद्रप्रकाशांना पक्के स्मरत होते. परंतु त्यांचे थोरले बंधू श्यामकांत आयुष्याची अखेरची चार वर्षे रिकामा पेला हातात धरून 'मला अजून चहा दिला नाही' असे सांगत, तेही इतक्याच खात्रीने. चंद्रप्रकाशांनी हे सारे जवळून पाहिले होते. म्हणून स्वतःच्या खात्रीचाच आता त्यांना धाक वाटू लागला होता.

तिसऱ्या सकाळी हर्षदने, त्यांच्या मुलाने, खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली.

"आजपासून ही माझ्याकडे, बाबा."

"मी दिवे बंद केले होते."

"मागच्या दोन्ही वेळेला पण हेच बोललात."

"कारण मागच्या दोन्ही वेळेलाही बंदच केले होते."

"मग काय, गाडी स्वतः उठून दिवे लावते? आज दिवे विसरलात, उद्या ब्रेक विसराल. आणि बाजूला आई बसलेली असते ना."

सुगंधाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांना आता बसची पायरी चढवत नव्हती. मानखुर्दला त्यांची बहीण मथुरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी चंद्रप्रकाश पत्नीला गाडीतून तिकडे नेत. दोघी बहिणी हातात हात घेऊन तासभर बोलत, आणि ते खालच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसत. एवढाच त्या गाडीचा उपयोग होता. पण त्या एका उपयोगावर त्या घराचे पुष्कळ काही उभे होते.

"एक कर," चंद्रप्रकाश म्हणाले. "गाडी खंडूला दाखव. तो म्हणाला गाडीत दोष नाही, तर किल्ली मी पुन्हा मागणार नाही."

हर्षदने होकारार्थी मान हलवली. असा शब्द वडील सहज देत नसत, हे त्याला ठाऊक होते.

खंडूचा गाळा दिंडोशीच्या न्यायालयामागच्या गल्लीत होता. गाड्यांच्या वायरिंगचेच काम तो वीस वर्षे करीत आला होता. शनिवारी सकाळी हर्षदने गाडी तेथे नेऊन उभी केली. खंडूने दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले, पुन्हा विझवले. दिवे प्रत्येक वेळी आज्ञाधारकपणे विझले.

"आत्ता तर सगळं बरोबर आहे."

 हर्षदने केवळ वडिलांकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात विजय नव्हता, कणव होती. चंद्रप्रकाशांना ती अधिक झोंबली.

"थांबा हो, काका, तोंड पाडू नका," खंडू म्हणाला. "माझ्या दारात आली की सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या वागतात. मला सांगा, दिवे लागतात ते चालवताना की उभी असताना?"

"उभी असताना. मी स्वतः पाहिलेले नाहीत. सकाळी कळते."

"उभी कुठं करता?"

"कुंपणाशी, आंब्याखाली. उघड्यावरच."

"म्हणजे रात्रभर दव." खंडूने बोनेट वर केले. बॅटरीशेजारी काळ्या झाकणाची एक पेटी होती. दिवे, हॉर्न, पंखा या सर्वांचे फ्यूज आणि रिले (विजेनेच चालू-बंद होणाऱ्या छोट्या कळा) तिच्यात बसवलेले असतात. त्याने एक फडके पाण्यात पिळून त्या पेटीवर पसरले आणि हात पुसले. "चला, आता चहा सांगू. तिला रात्र झाल्यासारखं वाटू दे."

तिघे बाकावर बसले. चहा संपला. हर्षद फोनमध्ये डोके घालून होता. चंद्रप्रकाश गाळ्याच्या मागच्या भिंतीकडे एकटक पाहत होते. मनातल्या मनात त्यांनी कुलदैवताचे नाव घेतले, आणि गाडी बिघडलेली असावी अशी प्रार्थना केली. अशी प्रार्थना आपण कधी करू, असे त्यांना आयुष्यात वाटले नव्हते.

पंधराएक मिनिटांनी भिंतीवर उजेड पडला.

कोणी गाडीजवळ गेलेले नव्हते. दोन्ही दिवे शांतपणे, जणू हे आपले नित्याचे कर्तव्य आहे अशा थाटात, तेवत होते.

हर्षद उभा राहिला. त्याने खिसा चाचपला. "किल्ली माझ्याकडे आहे," तो हळूच म्हणाला.

"आहे ना," खंडू म्हणाला. "काका, आता बघा."

त्याने स्टिअरिंगखालच्या कळेची वायर सोडवली. दिवे तसेच. म्हणजे कळ निर्दोष. मग दिव्यांचा रिले उपटला, तेव्हा दिवे विझले. त्याच्या जागी शेजारचा हॉर्नचा तसाच रिले बसवला, तर दिवे पुन्हा लागले. म्हणजे रिलेही निर्दोष.

"दोष राहिला खाली, जिथं रिले बसतो तिथं." त्याने बॅटरीची वायर काढून ठेवली, पेटी मोकळी केली, उजेडात धरली आणि नाकाशी नेली. मग तो हसू लागला.

"काका, आत नारळाचं पाणी गेलंय. हे सुकतं, पण जात नाही. ओल धरली की परत चिकट होतं आणि करंट त्यातून वाट काढतो. आणि हे बघा, हळद. कुंकू. दोन अक्षता. लोक बोनेटला पूजा करतात, टायरला करतात. इथं तर थेट गाभाऱ्यात जाऊन केलीय."

"सर्व्हिसिंगवाल्यांनी केली असेल," हर्षद म्हणाला. "दसऱ्याच्या आधी दिली होती."

"ते कशाला एवढे कष्ट घेतील? झाकणाची ही कडी बघ, कोणीतरी कशानं तरी उचकटलीय. चमच्यानं वगैरे."

"मी बोनेटला कुंकू लावले," चंद्रप्रकाश म्हणाले. "आत हात घातला नाही."

"तुम्हाला कोण बोलतंय, बाबा?" हर्षदने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटवली. "चुकलं माझं. वाट्टेल ते बोललो."

बेचाळीस वर्षांच्या मुलाने भर गाळ्यात असे म्हणावे, यापरता मान कोणता? परंतु चंद्रप्रकाशांचे लक्ष त्या पेटीवरून हलत नव्हते. हळदीची दोन बोटे उभी ओढलेली होती, आणि त्यांच्या वर नव्हे, खाली, कुंकवाचा एक ठिपका होता.

ती खूण त्यांच्या ओळखीची होती.

ऐन तारुण्यात ते कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले, तेव्हा तिथल्या जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, त्यांना खंडेनवमीची पूजा शिकवली होती. साच्याच्या मोटरचे झाकण आधी काढायचे, कारण झाकणावर केलेली पूजा झाकणालाच पोचते. मग हळदीची दोन बोटे, त्यांच्याखाली कुंकू, आणि चमच्याने तीन वेळा नारळाचे पाणी. त्या खात्यातली माणसे केव्हाच पांगली. गिरणीच्या जागी मनोरे उभे राहिले. ही खूण अशा रीतीने काढणारा हात दिंडोशीत एकच होता.

खंडूने पेटी स्वच्छ केली, वायरीचे गंजून हिरवे पडलेले टोक बदलले आणि पुन्हा ओले फडके घालून पाहिले. भिंत अंधारीच राहिली. येताना गाडी चंद्रप्रकाशांनी चालवली. हर्षद शेजारी बसून मोकळेपणाने बोलत होता. ते 'हो', 'बरोबर' एवढेच म्हणत होते.

घरी आल्यावर हर्षद अंघोळीला गेला, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले.

"सुगंधा, दसऱ्याला मी गाडीचे आतले झाकण काढले होते?"

सुगंधाबाईंचे हात पिठात थबकले. जिव्हारी लागले की त्या गावच्या बोलीत बोलत.

"तुमीच काढलात. माझ्या हातातलो चमचो घेतलात नि उचकटलात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलतलंय? तुमी माका म्हणालात, जॉबर येवच्या आदी पूजा आटप. माका वाटला, गमतीत बोलतास." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मग हर्षद किल्लीचा बोलाक लागलो. त्येका ह्या कसा सांगतलंय?"

चंद्रप्रकाशांनी फळीवरचा पूजेचा चमचा उचलला. त्याचा दांडा मधोमध वाकलेला होता. आपण तो वाकवला, या गोष्टीचा त्यांनी मनात कसून शोध घेतला. फुलांचा वास सापडला, तबक सापडले, बोनेटवरचे कुंकू सापडले. त्यापुढे गिरणीचा भोंगा ऐकू येत होता, आणि गाडी कोठेच नव्हती.

"ह्यो दोष गाडीचो निघालो ना?" सुगंधाबाई म्हणाल्या. "मग ऱ्हवांदे. कोण इचारता?"

 कोणी विचारणार नव्हते, हे खरेच होते. गुरुवार पाच दिवसांवर होता. मानखुर्दपर्यंतचा रस्ता, त्यातले सिग्नल, पुलाचे वळण, सारे त्यांच्यासमोर स्वच्छ उभे होते. चमचा मात्र नव्हता.

हर्षद टॉवेलने केस पुसत बाहेर आला. चंद्रप्रकाशांनी त्याला समोर बसवले, किल्ली आणि चमचा दोन्ही त्याच्यापुढे ठेवले आणि काहीही न वगळता सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "डॉक्टरांकडे केव्हा जायचे ते तू ठरव. पण गुरुवार चुकवायचा नाही."

हर्षदने त्या वाकलेल्या दांड्यावरून बोट फिरवले.

"गुरुवारी मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "मी चालवतो. तुम्ही बाजूला बसा. मला मावशीकडची गल्ली नीट आठवत नाही, तुम्हीच सांगा."

"मला आठवते," चंद्रप्रकाश म्हणाले, आणि लगेच थांबले. "पुलानंतर डावीकडे. तू लिहून ठेव."

सुगंधाबाई आतून आल्या आणि चमचा उचलून घेऊन गेल्या. मग स्वयंपाकघरातून, पाट्यावर दांडा ठेवून बत्त्याने तो हळूहळू सरळ करीत असल्याचा आवाज येऊ लागला.