तिसरी किल्ली

हमरापूरचा कमळाकर देवाला हात जोडतानाही एक डोळा चपलांवर ठेवतो, असं त्याची बायको कृष्णा सगळ्या गावाला सांगायची. खोटं नव्हतं ते. पण माणूस उगाच असा होत नाही. कमळाकरचा गणपतीचा कारखाना. ऐन उमेदीत त्याने एक मॉडेल घडवलं होतं, मांडी मोडून उंदराशी गप्पा मारणारा गणपती. मुंबईचा एक व्यापारी आला, म्हणाला, "वा! एक नमुना द्या, गिऱ्हाइकाला दाखवतो." कमळाकरने भाबडेपणाने दिला. पुढच्या हंगामात तोच गणपती, तोच उंदीर, दुसऱ्यांच्या कारखान्यांत रांगेने उभे! नमुन्यावरून रबरी साचा काढला होता मेल्याने.

तेव्हापासून कमळाकरने कानाला खडा लावला. नवं मॉडेल सुरू केलं की त्यावर गोणपाट, आणि डोळे आखून होईपर्यंत सख्ख्या भावालाही दर्शन नाही. डोळ्यांशिवाय मूर्ती चारचौघांत दाखवायची नाही, हा तर त्याच्या बापाने घालून दिलेला नियम होता.

अशा माणसाच्या घरात, त्याच्याच कारखान्याच्या माडीवर, परदेशी कंपनीचं खोकं आलं आणि खोलीला कुलूप लागलं. आता बोला!

दिपिका त्याची एकुलती एक. पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. ती सोडून आली आणि रोह्याजवळच्या वरशाच्या साईराजबरोबर तिने स्वतःचं काम मांडलं. दोघंच जण. ती पात्रं घडवायची, साईराज त्यांना चालतं-पळतं करायचा. टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं बनवणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीला त्यांचा गेम आवडला. कंपनीचं नवं यंत्र अजून बाजारात यायचं होतं, आणि त्यावर पहिल्या दिवसापासून खेळायला गेम हवे होते. म्हणून देशोदेशीच्या अशा लहान-मोठ्या लोकांना कंपनीने यंत्रं आधीच पाठवली होती, गुपचूप.

"कंपनीचं नाव काय?" कमळाकरने विचारलं.

"सांगता येत नाय, बाबा."

"बरं, यंत्राचं?"

"ते तर त्याहून नाय."

"आणि फुकट दिलंय?"

"वापरायला दिलंय. याच पत्त्यावर, याच खोलीत ठेवायचं. आम्हा दोघांशिवाय कुणी आत यायचं नाय. फोटो तर अजिबात काढायचा नाय. यंत्र बाजारात येईस्तोवर गुपित राहिलं पाहिजे त्यांना."

"मग त्यांना तुमच्याकडून काय मिळतं गो?"

"एक आड एक शुक्रवारी झालेलं काम पाठवतो. ते खेळून बघतात नि सांगतात, हे बदला, ते नको."

"म्हंजे नमुना."

दिपिका हसली. "व्हय, नमुनाच."

कमळाकरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. तरी माडीच्या दाराला चांगलं कुलूप हवं होतं, ते त्याने स्वतः पेणच्या बाजारातून आणून दिलं. भारी, पितळी. त्याच्यासोबत तीन किल्ल्या आल्या होत्या. लेकीच्या हातात त्याने दोन ठेवल्या.

आणि मग बसला पहारा देत. खाली गणपतीला सोनेरी रंग मारायचा आणि कान माडीवर. साईराज रोज रोह्याहून यायचा, सरळ जिना चढायचा. चहाला बोलावलं तर "नंतर घेतो, काका." फोन आला की अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायचा. चांगल्या घरचा पोरगा असं कुजबुजतो का, असं कमळाकर लेकीला दहादा ऐकवायचा. शुक्रवारी वरून एका बाईचा इंग्रजी आवाज यायचा. ती ओकाबे, कंपनीकडून परदेशातल्या कामांवर देखरेख ठेवणारी.

"काय बोलली ती?" कमळाकर जेवताना विचारायचा.

"गेममधल्या पोराचा हात आणखी लहान करा म्हणाली."

"आज हात. उद्या पाय. एक दिवस सगळा गणपती घेऊन जाईल नि तुम्ही बसाल टाळ्या वाजवत."

"अवो, गप जेवा," कृष्णा म्हणायची. "तुमचा संशय एक दिवस तुम्हालाच चावंल."

त्यातच कंपनीचा एक माणूस खोली तपासायला आला. त्याने दार बघितलं, कुलूप ओढून बघितलं, खिडकीचे गज मोजले आणि गाडीत बसून गेला. कमळाकरचं टाळकंच फिरलं. गणपतीच्या कारखान्यात येऊन एकदाही गणपतीकडे न बघणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता! शिवाय गावात चर्चा होतीच. कुठेतरी फार्महाऊसवर धाड पडली, पोरंपोरी कॉम्प्युटरवर बसून परदेशातल्या लोकांना गंडा घालत होती म्हणे. कमळाकरने दोन्ही गोष्टींची सांगड घातली. एक तर आपली पोरगी फसवली जात्ये, नाहीतर तिच्या हातून दुसऱ्याला फसवून घेतायत. तिसरी काही शक्यता असू शकते, हे त्याच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

साईराजच्या चुलतभावाचा साखरपुडा निघाला. दिपिकालाही बोलावणं होतं. ती रोह्याला गेली, कृष्णा शेजारी हळद कांडायला गेली, आणि कमळाकरने देव्हाऱ्यामागे ठेवलेली तिसरी किल्ली काढली.

आत बघण्यासारखं काही नव्हतंच मुळी. टेबलावर एक काळं खोकं. ना नाव, ना गाव, बाजूला आकड्यांची एक चिठ्ठी चिकटवलेली. पंखा घोंघावत होता, पडदा चालू राहिला होता. पडद्यावर खाडी होती, मिठागराचे बांध होते आणि एका होडीत लहानगं पोर उभं होतं. त्याचे हात बघून कमळाकर क्षणभर सगळं विसरला. काय हात घडवले होते पोरीने! बोटांच्या पेरांना चिखल लागलेला, मनगटाला काळा दोरा. तोंड मात्र कोरं होतं. डोळे अजून काढायचे होते.

मग तो भानावर आला. आपण आलोय कशाला? त्याने मोबाइल काढला, खोकं आणि पडदा एकत्र बसेल असा फोटो घेतला, कुलूप लावलं आणि तसाच पेणला गेला. नाक्यावर जितेशचं मोबाइलचं दुकान. जितेशला असल्या यंत्रांतलं सगळं कळतं अशी ख्याती होती.

"ही काय भानगड हाय सांग. कुणाला बोलू नको हां."

जितेशने फोटो आपल्या फोनवर घेतला, मोठा करून बघितला, डोळे विस्फारले. "काका, हे बाजारात नाय मिळत. थांबा, एका जाणकाराला विचारतो."

"कुणाला बोलू नको म्हटलं ना?"

"माझ्यावर विश्वास नाय का, काका?"

आणि बघा, आयुष्यभर कुणावर न ठेवलेला विश्वास कमळाकरने त्या घटकेला ठेवला, तोही जितेशवर!

जितेशच्या जाणकाराचा आणखी एक जाणकार होता. दोन दिवसांत फोटो जगभर झाला. दिपिका सकाळी जिना उतरून आली ती भिंत धरत. यंत्र बंद पडलं होतं. कंपनीने तिकडूनच बंद केलं होतं.

"फोटो फुटला, बाबा. आपल्या खोलीतला. चिठ्ठीवरचा आकडा पण दिसतोय." तिने फोन पुढे धरला. "हे बघ. माझं पोर. डोळे पण काढले नव्हते रे त्याचे अजून."

कमळाकरने बघितलं. फोटोखाली कोण कोण कुठल्या कुठल्या भाषेत काय काय लिहीत होतं. त्या कोऱ्या तोंडाला हसणारेही होते. स्वतःची अर्धी मूर्ती त्याने जन्मात कुणाला दाखवली नव्हती, आणि लेकीची भर बाजारात मांडून आला होता.

"आता काय होईल?" त्याने कसंबसं विचारलं.

"संध्याकाळी ओकाबे बोलणार हाय. फोटो कुणी काढला ते सांगा म्हणाली. नाय सांगितलं तर गेम गेला. दोन वर्षं गेली, बाबा."

तेवढ्यात साईराज आला. दिपिकाने त्याला जिन्यातच अडवलं. किल्ल्या दोन, माणसं दोन. माझी किल्ली माझ्या गळ्यात होती. तू सांग. अंगणात जाऊन कुणाशी बोलत असतोस?

साईराज आधी हसला, चेष्टा वाटली त्याला. मग त्याचा चेहरा पडला. "आईशी बोलतो. तिचं डायलिसिस चालू हाय. तुला कामात ताप नको म्हणून सांगितलं नाय." त्याने खिशातून किल्ली काढली, पायरीवर ठेवली आणि आल्या पावली निघून गेला. कमळाकर सोनेरी रंगाचा ब्रश धरून तसाच उभा होता.

दिपिका त्याच्याजवळ आली, डोळे पुसले. "आईचं खरं असेल, नाय असं नाय. पण दुसरं कोण असणार? तू म्हणत होतास ना, बाबा? तूच बरोबर होतास."

अरे देवा! इतके महिने हेच ऐकायला तर कान टवकारून बसला होता हा माणूस. आता ऐकलं, तर तेच कान झाकून घ्यावेसे वाटले. गप्प बसलं तर लेक आपली, शब्द आपला खरा, आणि जाणार ते दुसऱ्याचं पोर. बोललं तर लेकीच्या नजरेतून उतरायचं ते कायमचं. दुपारचं जेवण गेलं नाही त्याला. कृष्णाने नुसतं बघितलं, आणि तिला कळलं असावं, कारण तिने एकदाही टोमणा मारला नाही.

संध्याकाळी वरून तो इंग्रजी आवाज आला. मग दिपिकाचा. बोलता बोलता तिने साईराजचं नाव घेतलं, तसा कमळाकर जिना चढला. उंबरठ्याबाहेरच थांबला. लॅपटॉपच्या पडद्यावर पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली एक शांत बाई होती. त्याने हात पुढे केला. तळहातावर तिसरी किल्ली होती.

"तिला सांग, मी काढला फोटो."

दिपिका बघतच राहिली. किल्लीकडे, मग त्याच्याकडे.

"सांग गो. तुझ्या तोंडानेच सांग. मला येत नाय तिची भाषा."

बापाची चोरी लेकीने परक्या बाईला इंग्रजीत सांगितली. एक शब्द गाळला नाही तिने. तिकडून प्रश्न आला. दिपिकाने त्याच्याकडे न बघता मराठीत विचारला, "का काढला, विचारत्ये."

"माझा साचा चोरला होता एकदा. नमुना म्हणून नेला नि सगळीकडे विकला. मला वाटलं, हे बी तसलेच."

बाईने ते दिपिकाकडून ऐकून घेतलं. मग जे बोलली ते दिपिकाने सांगितलं. "म्हणत्ये, आमचंही असं चोरीला गेलंय. म्हणून आम्हालाही तुमच्याबद्दल तेच वाटत होतं. कुलूप त्यासाठीच होतं."

मग निर्णय सांगितला. बापाने स्वतःहून खरं सांगितलं, म्हणून गेम राहील. यंत्र परत जाईल, चौकशी होऊन पुन्हा येईल. पण या घरात येणार नाही. फुटलेल्या खोलीवर कंपनी दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

दिपिका दुसऱ्या दिवशी वरशाला गेली, साईराजच्या आईच्या पायाशी बसून रडली. तो कामावर परतला, आणि कामासाठी दोघांनी तिकडेच त्याच्या मावशीच्या गिरणीवरची खोली घेतली. पण तेव्हापासून तो तिला 'अगं' म्हणत नाही, 'दिपिका मॅडम' म्हणतो. दिपिकाही तिथेच राहू लागली. रविवारी हमरापूरला यायची, आईशी बोलायची. बापाला "जेवलास?" एवढंच. माडीचं दार आता सताड उघडं असायचं. कुलूप खिळ्याला टांगलेलं होतं, तिन्ही किल्ल्यांसकट. कमळाकर मात्र कधी वर गेला नाही. रंगाचे डबेसुद्धा त्याने जिन्याखालीच ठेवले.

गणपती जवळ आले. एका रविवारी कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू होती. दिपिका खाली येऊन एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली, काहीतरी करत होती. कृष्णाने आतून हाक मारली तशी ती उठून गेली, लॅपटॉप तसाच उघडा.

कमळाकरची पाठ त्याच्याकडे होती. पडद्याचा उजेड भिंतीवर पडला होता. पोराला डोळे काढले असतील का? कसे काढले असतील? हातातला ब्रश त्याने खाली ठेवला. मागच्या मागे तो सरकला, नव्या मॉडेलवरचं गोणपाट ओढलं आणि मान दुसरीकडे वळवून, चाचपत चाचपत, लॅपटॉपवर पांघरलं.

दिपिका चहा घेऊन दारात उभी होती. तिने आधी गोणपाट बघितलं, मग उघडं पडलेलं बापाचं मॉडेल. त्याला डोळे नव्हते अजून.

"बाबा," ती म्हणाली, "तुझं उघडं पडलं."

"पडू दे," कमळाकर म्हणाला. "घरचंच माणूस हाय."