अकरावा बार

सॅम्युअलनं दोन्ही हातांची दहा बोटं वर केली, मग एक बोट वेगळं दाखवलं. अकरा. आज खाणीत सुरुंगाचे अकरा बार भरले होते.

ग्रेसीनं मान हलवली आणि बाकीच्या बायकांबरोबर पत्र्याच्या खोलीमागे जाऊन बसली. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या त्या दगडखाणीत नवराबायको सात वर्षं काम करत होते. तो मशीन धरून दगडात पाच-पाच फूट खोल भोकं पाडायचा, ती वर क्रशरजवळ मोठे धोंडे घणानं फोडायची. भोकांत दारू भरून वात लावायला शहाद्याकडून रतिलालभाई यायचे. लायसन त्यांच्या नावावर होतं. वात लागली की बार एकामागून एक उडायचे, आणि ते मोजायचं काम ग्रेसीचं. कुणी तिला लावलेलं नव्हतं. सात वर्षं कानाशी मशीन धडधडून सॅम्युअलचे दोन्ही कान गेले होते. बार उडाला की त्याच्या तळपायाला हादरा लागायचा, पण किती हादरे ते काही सांगता यायचं नाही. म्हणून तो बोटं दाखवायचा, ती मोजायची, आणि आकडा जुळला की ती लांबूनच हात हलवून त्याला खाली उतरायची खूण करायची.

भोंगा वाजला. पहिला बार उडाला. पत्रा थरथरला. दुसरा, तिसरा. ग्रेसी ओठ हलवत मोजत होती. नऊ. दहा.

मग काहीच नाही.

तिनं श्वास धरून ठेवला. वर उडालेली खडी पत्र्यावर पडून शांत झाली. शेजारची जसोदाबाई पदर झटकून उठली.

"थांब," ग्रेसी म्हणाली. "दहाच झाले."

"झाले असतील अकरा. मी कुठं मोजते!"

ग्रेसी उठली ती थेट मुकादमाकडे गेली. छगन मुकादम शहाद्याकडच्या गावातला, वागायला वाईट नव्हता, पण मालकाचा फोन आला की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. आताही फोन त्याच्या कानालाच होता. रस्त्याच्या कामाला खडी हवी होती, डंपर सकाळपासून उभे होते. रतिलालभाईंची जीप धूळ उडवत उताराला लागलेली दिसत होती. त्यांना पुढच्या खाणीवर बार लावायचे होते.

"छगनभाऊ, एक बार राहिलाय. दहाच उडाले."

छगननं फोन छातीशी धरला. "दोन बार संगेच फुटनात. तुले तो एकच वाटना."

"संगे फुटले की आवाज मोठा होतो. मला कळतो. रतिलालभाईंना परत बोलवा. तोवर कुणाला खाली सोडू नका."

"ग्रेसीबाई, गाड्या उभ्या शेतस. मालक मन्हा जीव खाई ऱ्हायना. तू घण धर, जाय." आणि बोलता बोलताच त्यानं खाणीच्या कडेला जाऊन सगळ्यांना खाली सोडायचं हिरवं फडकं हलवलं.

खाणीच्या पलीकडच्या अंगाला सॅम्युअल उभा होता. तो तिच्या हाताकडे बघायचा, पण आज ती छगनच्या पाठीमागे झाकली गेली होती. त्याला दिसलं ते फडकं. त्यानं मशीन खांद्यावर घेतलं आणि तो उतरू लागला.

"सॅम्युअल!" ती ओरडली. ओरडून उपयोग नव्हता, हे तिला ओरडतानाच ठाऊक होतं.

वर ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर सुरू झाला. ट्रॅक्टरवाला योगेंद्र नळीत हवा सोडून बिडी पेटवायला बाजूला गेला. खाली सॅम्युअल फुटलेल्या दगडांतून वाट काढत कोपऱ्यातल्या एका न फुटलेल्या दगडी उंचवट्याशी थांबला. पायानं त्यानं खडी बाजूला सारली, वाकून बघितलं, आणि मशीनची पहार टेकवली.

ग्रेसीला लख्ख कळलं. मशीनवाल्यांची ती सवयच. कोऱ्या दगडावर पहार घसरते, जुन्या भोकाच्या तोंडात ती बरोबर बसते. त्याला ते मागच्या आठवड्यातलं अर्धवट भोक वाटलं असणार. आणि सगळीकडचा दगड फुटून तेवढाच उंचवटा का उभा राहिला, याचा विचार करायला त्याला कारणच नव्हतं. खाली जायची खूण झाली होती.

ती योगेंद्रकडे धावली. "बंद कर! हवा बंद कर!"

योगेंद्रनं तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता दांडा ओढला. कॉम्प्रेसर धापा टाकत बंद पडला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. हवा गेली की सॅम्युअल काय करतो ते ती रोज बघत होती. पहार अडकली असं समजून तो हातोडीनं तिला ठोकतो.

ती खाणीत उतरली.

रस्त्यानं गेली असती तर वेळ लागला असता. ती सरळ ढिगाऱ्यावरून उतरली, कधी बसून, कधी घसरत. चप्पल एका पायातली कुठं गेली कळलं नाही. दारूचा उग्र वास नाकात बसला होता. तिच्या पायाखालून एक धोंडा सुटून गडगडत खाली निघाला आणि ती डोळे मिटून जागच्या जागी गोठली. आता. आता उडेल. धोंडा कुठंतरी थांबला. काही झालं नाही. ती पुन्हा निघाली. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर प्रार्थनेतला एक शब्द आठवेना. तोंडातून नुसतं "नको, नको" एवढंच येत होतं.

सॅम्युअलची पाठ तिच्याकडे होती. त्यानं मशीन बाजूला निजवलं. कमरेची हातोडी काढली. पहारीचं डोकं एकदा अंगठ्यानं पुसलं.

दचकवायचं नव्हतं. दचकला तर हातोडी पडायची. ती त्याच्या समोरून वळसा घालून आली, दोन्ही तळवे पुढे धरून, एखाद्या बुजऱ्या बैलासमोर जावं तशी. त्यानं वर पाहिलं. हातोडी हवेत थांबली.

ग्रेसीनं दहा बोटं दाखवली. मग अकरावं बोट दाखवून ते दुसऱ्या मुठीत दाबून टाकलं.

सॅम्युअल तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खाली बघितलं. पहारीच्या टोकापासून बोटभर अंतरावर, ओल्या मातीच्या बुचातून, इतका वेळ खडीखाली लपलेलं वातीचं काळं टोक वर आलं होतं.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं हातोडी जमिनीवर ठेवलीसुद्धा नाही, छातीशी धरली. पहार तशीच उभी सोडली. दोघं एकमेकांचा दंड धरून मागे मागे सरकले, एकेक पाऊल चाचपून. दोघं वर आले. ग्रेसी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसली आणि तिचे दात एकमेकांवर आपटू लागले. भर दुपारच्या उन्हात.

छगननं खाली वाकून स्वतः पाहिलं. मग त्यानं मालकाचा वाजणारा फोन बंद केला आणि रतिलालभाईंना लावला.

रतिलालभाई दोन तासांनी आले. साठीचे गृहस्थ, धोतराचा सोगा धरून खाली उतरले, लांबूनच बघून परत आले तेव्हा घामानं भिजले होते. "वात ओली असणार," ते म्हणाले. "चूक मारी. अर्धा तास थांबून, बघून, मगच जायला पाहिजे मला. मी कधी थांबलोच नाही."

"आता काय करायचं?" छगननं विचारलं.

"त्याला हात नाही लावायचा. बाजूला हातभर अंतर सोडून दुसरं भोक, अगदी त्याच कलानं. त्यात दारू भरून उडवायचं, म्हणजे त्याच्यासंगे हा पण जाईल." ते थांबले. "पण ते भोक पाडायला माणूस लागेल."

ग्रेसीनं सॅम्युअलचा हात घट्ट धरला. बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्यांची नजर आपल्याकडे वळलेली त्याला कळली.

"नाही," ग्रेसी म्हणाली. "माझा माणूस जाणार नाही. दुसरा आणा."

सॅम्युअलनं तिला खुणेनं विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं खाणीतल्या त्या कोपऱ्याकडे बोट केलं. मग मोठ्या, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "दुसऱ्याला कल कसा माहीत असणार? ते भोक मी पाडलंय. थोडं तिरकं गेलंय, पूर्वेला. सरळ पाडलं तर त्यालाच जाऊन भिडेल."

"आणि भिडलं तर?"

"मला माहीत आहे ना कुठं आहे ते. मी नाही भिडवणार."

ग्रेसी उठली. रतिलालभाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "भाई, तुम्ही वयानं मोठे. पण तो खाली असेल तोवर तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहायचं. वरून सांगायचं नाही."

छगन मध्ये काही बोलायला गेला, पण रतिलालभाईंनी हातानं त्याला थांबवलं. "बराबर आहे," ते म्हणाले.

तपासणीला साहेब आले तरच बाहेर निघणाऱ्या हेल्मेटांतली दोन छगननं खोलीतून आणली. सगळ्यांना टेकडीच्या पार मागे पाठवलं. ग्रेसी गेली नाही. ती योगेंद्रच्या ट्रॅक्टरमागे बसली. हवा सुटली, मशीन धडधडू लागलं. एवढं हळू धडधडताना तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. मध्येच ते थांबलं की ती चाकाआडून डोकं काढून बघायची. सुरू झालं की पुन्हा आत घ्यायची. सॅम्युअल वाकलेला होता, आणि धोतर नेसलेला तो म्हातारा त्याच्या खांद्याशी उभा राहून भोकाच्या कलाकडे बघत होता. तो जागचा हलला नाही.

पाऊण तास लागला. मग रतिलालभाईंनी सॅम्युअलला वर पाठवलं, दारू एकट्यानं भरली, नवी कोरी वात लावली आणि वर आले.

आवाज असा झाला की क्रशरचा एक पत्रा निखळून पडला. ग्रेसीनं या वेळी काही मोजलं नाही. तिनं सॅम्युअलच्या खांद्यावर तोंड लपवलं होतं.

त्या दिवशी पाड्यावर परतताना सॅम्युअल मजुरांच्या जीपमधून उतरला आणि रस्त्याकडेला बसून ओकला. दुसऱ्या दिवशी तो उठून तयार झाला, पण मशीनची नळी हातात घेता येईना. बोटं मिटतच नव्हती.

ग्रेसीनं तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहून घेतला. त्यात सगळं आलं: ओली वात, न थांबता दिलेली खूण, खोलीतली हेल्मेटं, सॅम्युअलचे कान. जसोदाबाईनं अंगठा द्यायला नकार दिला. "खाण बंद पडली तर आम्ही कुठं जायचं?" ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. छगननं डोळे चुकवले. अर्ज घेऊन ग्रेसी नवापूरला निघाली तेव्हा रस्त्यात रतिलालभाईंची जीप थांबली. त्यांनी अर्ज मागून घेतला, बॉनेटवर ठेवून सावकाश वाचला.

"यात माझं पण नाव आहे," ते म्हणाले.

"खरं ते लिहिलंय, भाई."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली. लायसनचा नंबरसुद्धा लिहिला.

अर्जावरून खाण पंधरा दिवस बंद राहिली. त्या दिवसांत जसोदाबाई ग्रेसीशी बोलली नाही. खाण उघडली तेव्हा सॅम्युअल मशीनवर गेला नाही, ऊसतोडीला गेला. ग्रेसी मात्र क्रशरवर परतली. घर चालायला हवं होतं. आता बार उडाल्यावर रतिलालभाईंच्या जागी आलेला नवा लायसनवाला घड्याळ धरून अर्धा तास बसतो, मग एकटा उतरून बघून येतो. तो वर येईपर्यंत ग्रेसी हातात घण उचलत नाही. जसोदाबाई तिच्या शेजारी येऊन बसते, आणि दोघी खाणीकडे बघत राहतात.